आभाळ जपून ठेवणारा चित्रकार : यूजेन बूदाँ

आमच्या मंडळाच्या एका सभासद भगिनीच्या घरी दिवाणखान्यात एक जुने चित्र आहे. डहाणूतील एका जुन्या बंगल्याचे सामान विकायला निघाले होते, तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी एक कपाट व दोन आरामखुर्च्या यांच्याबरोबर ते घेतले. चित्रात पाहण्यासारखे तसे काही नाही. खाली ओल्या वाळूचा एक पट्टा, त्यावर समुद्राची बारीक रेघ, दूरवर दोन शिडे आणि बाकी सगळे आभाळ. खाली सहीसुद्धा नाही. एका पावसाळ्यात काचेला आतून बुरशी धरली, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी चौकट उघडली आणि पदराच्या टोकाने चित्रावरून हलकेच हात फिरवला. पदराला निळसर करडा रंग लागला आणि आभाळाचा एक कोपरा चित्रातून निघून आला!

बिचाऱ्या फारच खजील झाल्या. पण त्यांच्याकडून झालेली चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी आहे. ते चित्र तैलरंगाचे नव्हते, जलरंगाचेही नव्हते. ते रंगीत खडूंचे, म्हणजे पेस्टलचे होते. रंगाची वस्त्रगाळ पूड, तिच्यात कांडी वळण्यापुरताच डिंक, अशा खडूंनी ही चित्रे काढतात. रंग कागदात मुरत नाही, त्याच्या खरखरीत अंगाला धरून नुसता बसलेला असतो. फुलपाखराच्या पंखावर जशी भुकटी असते, तसे ते असते म्हणा ना! म्हणून अशा चित्राला काच हवीच, पण काच चित्राला चिकटता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी ठेवून अंतर राखावे लागते. पुसणे तर दूरच, त्यावर फुंकरसुद्धा मारू नये.

त्या निमित्ताने मंडळात बरीच चर्चा झाली, आणि खडूंनी समुद्र व आभाळ काढणारे कोण कोण होऊन गेले हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले. शोधता शोधता एका माणसाशी येऊन थांबले. आपल्याकडील हे चित्र त्याचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. तसा भलता समज कोणी करून घेऊ नये. पण समुद्रकाठी जन्मलेल्या, समुद्रकाठीच देह ठेवलेल्या आणि उभ्या आयुष्यात आभाळाखेरीज दुसरे फारसे काही न पाहिलेल्या या माणसाचे चरित्र आपल्या डहाणू-बोर्डीच्या बायकांना परके वाटणार नाही, असे मला वाटले.

यूजेन बूदाँ याचा जन्म 12 जुलै 1824 रोजी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ओंफ्लर या गावी झाला. सेन नदी जेथे समुद्राला मिळते तेथील हे लहानसे बंदर. आपल्या डहाणूच्या खाडीत भरती-ओहोटीप्रमाणे होड्यांची ये-जा चालते, तशीच तेथेही. वडील खलाशी होते. आई बोटीवर उतारूंची देखभाल करण्याचे काम करी. बोटीवर नोकरी करणारी आई त्या काळी तिकडेही विरळाच असावी. घरची परिस्थिती बेताची. यूजेन अगदी लहानपणीच वडिलांच्या बोटीवर हाताखाली पोऱ्या म्हणून काम करू लागला. एकदा तो पाण्यात पडला आणि थोडक्यात वाचला. 1835 मध्ये हे कुटुंब नदीच्या पलीकडच्या तीरावरील ल हाव्र या मोठ्या बंदरात राहावयास आले, आणि मुलाची बोटीवरची उमेदवारी संपून दुकानातील उमेदवारी सुरू झाली. प्रथम छापखान्यात, मग एका कागद-दौतीच्या दुकानात. शाळा अशी त्याला फार थोडीच लाभली.

वीस वर्षांचा झाला तेव्हा, म्हणजे 1844 च्या सुमारास, त्याने एका भागीदाराबरोबर स्वतःचे दुकान काढले. कागद, रंग, कुंचले विकावयाचे आणि चित्रांना चौकटी करून द्यावयाच्या. हे दुकानच त्याची चित्रशाळा ठरले. उन्हाळ्यात पॅरिसचे चित्रकार समुद्र पाहावयास त्या किनाऱ्यावर येत. त्यांना रंग लागत, चौकटी लागत, आणि एखादे चित्र विकले गेले तर हवेच असे. बूदाँ त्यांची चित्रे आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडी. शेतकऱ्यांची चित्रे काढून पुढे जगभर कीर्ती मिळवलेले मिये हे त्या वेळी ल हाव्रमध्ये बोटीवरच्या कप्तानांच्या तसबिरी काढून पोट भरीत होते. तेही त्या दुकानात येत. गुराढोरांची चित्रे काढणारे त्र्वायाँ येत, कुत्यूर येत. दुकानदार स्वतःही फावल्या वेळी चित्रे काढतो हे कळल्यावर मिये यांनी त्याची रेखाटने पाहिली, दुरुस्त करून दिली, आणि या धंद्यात किती हाल आहेत हेही सांगितले. स्वतः हाल सोसत असलेल्या माणसाने दिलेला तो इशारा होता.

तरुण माणसे असे इशारे कोठे ऐकतात! दोन-तीन वर्षांतच बूदाँने दुकानातून अंग काढून घेतले. चालू धंदा सोडून मुलगा चित्रे काढत बसतो, हे पाहून त्या खलाशी बापाला व कष्टाळू आईला काय वाटले असेल याची कल्पना आपण आया सहज करू शकतो.

पुढे 1851 मध्ये ल हाव्रच्या नगरपालिकेने त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन पॅरिसला शिकावयास पाठविले. नगरपालिकेने चित्रकलेसाठी पैसे खर्च करावे ही गोष्ट मला फार आवडली. पॅरिसमध्ये बूदाँ लुव्र संग्रहालयात बसून जुन्या डच चित्रकारांची समुद्रचित्रे नकलून काढीत. हॉलंडच्या या चित्रकारांनी दोनशे वर्षांपूर्वी सपाट जमीन, सपाट पाणी आणि वर उंचच उंच ढगांचा डोंगर अशी चित्रे काढली होती. कागदाचा तीन चतुर्थांश भाग आभाळाला देऊन टाकण्याची हिंमत बूदाँना त्यांच्याकडून मिळाली असावी. शिष्यवृत्ती संपली तसे ते परत आपल्या किनाऱ्यावर आले आणि ओंफ्लरजवळच्या टेकडीवर एका शेतघरात उतरू लागले. सँ सिमेओं हे त्या जागेचे नाव. तेथील घरधनीण तूतँ बाई चित्रकारांना थोडक्या पैशांत जेवू-खाऊ घाली. कलेच्या इतिहासात या बाईंचे नाव दोन ओळींत येते. पण अर्धपोटी चित्रकारांना गरम जेवण देणाऱ्या या बाईंच्या ओसरीवर पुढच्या पन्नास वर्षांची चित्रकला वाढली असे म्हटले तरी चालेल.

येथेच त्यांच्या खडूंच्या चित्रांना बहर आला.

पेस्टल ही कला काही नवी नव्हती. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या स्त्रीने अठराव्या शतकात खडूंनी माणसांचे चेहरे काढून सर्व युरोपला वेड लावले होते. 1720 मध्ये ती पॅरिसला गेली तेव्हा तेथील राजमान्य कलासंस्थेने तिला सन्मानाने सभासद करून घेतले. म्हातारपणी तिची दृष्टी गेली, ही तिच्या चरित्रातील करुण गोष्ट. पण तिच्या काळी खडू म्हणजे गोरे गाल, रेशमी वस्त्रे आणि पावडर लावलेले केस. बूदाँनी तेच खडू खिशात टाकले आणि ते वाऱ्यावर, वाळूत, बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभे राहिले. आभाळासाठी खडूसारखे साधन नाही. तैलरंग वाळावयास वेळ घेतो, जलरंगाला पाणी लागते आणि समुद्राच्या दमट हवेत तो लवकर सुकत नाही. ढग तोपर्यंत थांबणार आहे थोडाच! खडू हातात घेतला की रंग तयारच. बोटाने घासला की कडा विरघळते, जशी ढगाची कडा उन्हात विरते तशी.

आपण ज्येष्ठाच्या सुरुवातीला डहाणूच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलो तर हे कळते. सकाळी मतलई वारा पडतो, मग खारा वारा सुटतो. पश्चिमेला शाईसारखा काळोख भरून येतो आणि त्याच्याखाली पाणी पितळेसारखे पिवळे दिसते. घरात जाऊन मुलांना हाक मारून बाहेर आणावे तोवर तो रंग गेलेला असतो. वाळत घातलेले बोंबील उचलण्याची घाई असलेल्या मांगेली बायकांना तो रंग आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, कारण त्यावर त्यांचा दिवस अवलंबून असतो. बूदाँ हे तशाच माणसांच्या घरातले. आभाळ त्यांना प्रथम शोभा म्हणून दिसलेच नसेल. बोट काढावी की नाही, हे सांगणारे म्हणून दिसले असेल.

आणि म्हणूनच की काय, प्रत्येक चित्राच्या कडेला ते टिपून ठेवीत: कोणता दिवस, किती वाजले होते, वारा कोणत्या दिशेचा होता. एखाद्या तांडेलाने रोजची नोंद ठेवावी तशी. अशी खडूची शेकडो आभाळे त्यांच्या खोलीत साठली. ही चित्रे विकावयाची नव्हती. मोठे तैलचित्र रंगवताना हाताशी असावी म्हणून काढलेली ती टिपणे होती. त्या काळी पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात, ज्याला सालाँ म्हणत, अशा टिपणांना कोणी विचारीत नसे.

1859 साल बूदाँच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. ब्रिटनी प्रांतातील एका देवस्थानच्या जत्रेचे त्यांचे चित्र त्या वर्षी सालाँमध्ये प्रथमच लागले. त्याच सुमारास कवी बोदलेर ओंफ्लरला आपल्या आईकडे राहावयास आले होते. ते बूदाँच्या खोलीवर गेले आणि ती खडूची आभाळे त्यांच्या पाहण्यात आली. बोदलेर हे प्रदर्शनांवर कडक टीका लिहिणारे गृहस्थ. निसर्गचित्रे त्यांना फारशी रुचतही नसत. पण या कागदांनी त्यांना भारून टाकले. त्या वर्षीच्या सालाँवरील आपल्या लेखात त्यांनी भिंतीवर लागलेल्या जत्रेच्या चित्रापेक्षा खोलीत पडलेल्या या टिपणांचेच भरभरून वर्णन केले. कडेची नोंद हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता यावा इतकी ती खरी आहेत, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. पस्तीस वर्षांच्या अनोळखी चित्रकाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते मिळावयाचे? मात्र प्रशस्तिपत्राने घरभाडे भागत नाही. लेख छापून आल्यावरही बूदाँची ओढाताण पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिली.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. 1858 च्या सुमारास ल हाव्रच्या एका चौकटीच्या दुकानात सतरा वर्षांच्या एका मुलाची व्यंगचित्रे मांडलेली असत. गावातील प्रतिष्ठित लोकांची नाके लांब करून तो चांगले पैसे मिळवीत असे. बूदाँची चित्रेही त्याच दुकानात असत आणि त्या मुलाला ती मुळीच आवडत नसत. त्यांची गाठ पडू नये म्हणून तो टाळाटाळ करी. अखेर दुकानात दोघे समोरासमोर आलेच. बूदाँनी त्याच्या हाताची तारीफ केली, आणि एवढ्यावर थांबू नकोस, माझ्याबरोबर बाहेर उघड्यावर चल, असे सुचविले. पोराने बरेच दिवस सबबी सांगितल्या. शेवटी एकदाचा गेला. गावाबाहेर बूदाँ चित्र रंगवीत होते व तो पाहात होता. पाहता पाहता त्याला आपण काय करावयाचे ते उमगले. हा मुलगा म्हणजे क्लोद मोने. पुढे तो जगातील सर्वांत नामांकित चित्रकारांपैकी एक झाला, आणि आपण चित्रकार झालो ते बूदाँमुळे हे तो म्हातारपणीही मोकळेपणी सांगत असे. गुरूपेक्षा शिष्याचे नाव मोठे झाले याचे बूदाँना वैषम्य वाटल्याचे कोठे दिसत नाही.

1863 च्या जानेवारीत त्यांनी ब्रिटनीकडील मारी-आन गेदेस हिच्याशी विवाह केला. ही साध्या घरची मुलगी होती. हिवाळ्यात पॅरिसमध्ये लहानशी जागा, उन्हाळा लागला की किनाऱ्यावर कोठेतरी भाड्याच्या खोलीत, अशा बिऱ्हाडात तिने सव्वीस वर्षे संसार केला. दर वर्षी दोनदा बिऱ्हाड हलवावयाचे, आणि त्यात धक्का लागला तर रंग सांडणारी कागदांची बाडे! ती बाडे कोण बांधीत होते, कोण सोडीत होते, हे चरित्रकारांनी लिहिलेले नाही. पण एवढी हलवाहलव होऊनही हजारो कागद शेवटपर्यंत धड राहिले, यावरून त्या घरात बांधाबांध काळजीपूर्वक होत असली पाहिजे, असा माझा तर्क आहे.

याच काळात त्रूव्हील आणि दोव्हील ही शेजारशेजारची गावे एकाएकी श्रीमंतांची हवापालटाची ठिकाणे बनली. पॅरिसहून रेल्वे आली, हॉटेले झाली, राणीसाहेब येऊ लागल्या. घेरदार पोशाख आणि छत्र्या घेतलेल्या बायका वाळूत खुर्च्या टाकून बसत. बूदाँनी ही गर्दी चित्रांत घेतली. माणसे करंगळीएवढी, वर तेच विशाल आभाळ. आज बाजारात त्यांच्या याच चित्रांना सर्वांत जास्त किंमत येते. स्वतः त्यांचे मन मात्र या विषयात एकसारखे रमले नाही. ब्रिटनीच्या गरीब शेतकऱ्यांत काही दिवस राहून परत आल्यावर त्यांना किनाऱ्यावरची ती नटवी मंडळी सोंगासारखी वाटू लागली आणि स्वतःचीच शरम वाटली, असे त्यांनी एका पत्रात लिहिले होते. पुढे त्यांचे मत थोडे निवळले; मावळतीकडे चालत जाणाऱ्या सुखवस्तू माणसांवरही तोच प्रकाश पडतो, मग त्यांना चित्रातून का वगळावे, असेही त्यांना वाटू लागले. पण हळूहळू त्यांची पावले दुसरीकडे वळली. तूक नदीच्या काठी गुडघे टेकून कपडे धुणाऱ्या बायका त्यांनी कितीतरी वेळा काढल्या. बेर्कच्या वाळवंटात होड्यांची वाट पाहात टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी काढल्या. या बायकांना नाक-डोळे नाहीत. दोन-चार फटकाऱ्यांत पाठीचा बाक आणि पांढरी टोपी, एवढेच. तरी काम किती वेळ चालू आहे ते त्या पाठीवरून कळते. मला स्वतःला त्या छत्र्यांपेक्षा ही चित्रे अधिक मोलाची वाटतात. कदाचित घाटावर पाठ वाकवलेल्या माणसाचा हा पक्षपात असेल!

1874 मध्ये मोने आणि त्याच्या मित्रांनी सरकारी सालाँकडे पाठ फिरवून पॅरिसमध्ये आपले वेगळे प्रदर्शन भरविले. इंप्रेशनिस्ट हे नाव त्यातूनच पडले. बूदाँ वयाने त्यांच्याहून बरेच वडील, स्वभावाने संकोची, कोणाशी भांडण नको असलेले. तरी त्यांनी त्या प्रदर्शनात चित्रे दिली, आणि त्यांत खडूची आभाळेही होती. सालाँने ज्यांना टिपणे मानले, ती येथे चित्रे म्हणून भिंतीवर चढली. पुढच्या प्रदर्शनांत मात्र ते सामील झाले नाहीत. आपले पुन्हा सालाँकडे गेले. बंडखोरी त्यांच्या पिंडात नव्हती.

पैशाचे दिवस आले ते साठीच्या उंबरठ्यावर. द्युराँ-रुएल या पॅरिसच्या चित्रव्यापाऱ्याने 1881 पासून त्यांची चित्रे नियमाने घेण्यास आरंभ केला आणि 1883 मध्ये नव्या दालनात त्यांची सुमारे दीडशे चित्रे एकदम मांडली. 1884 च्या सुमारास बूदाँनी दोव्हीलला समुद्राजवळ स्वतःचे घर बांधले. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या मारी-आनला हे घर पाच वर्षेच लाभले. 1889 मध्ये ती वारली. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात बूदाँना सुवर्णपदक मिळाले. 1892 मध्ये सरकारने त्यांना लेजन ऑफ ऑनर हा किताब दिला. प्रकृतीसाठी ते दक्षिणेकडे जाऊ लागले, व्हेनिसलाही जाऊन आले, तेथील करडा उजेड त्यांना आपल्या उत्तरेसारखाच वाटला. खरे सांगावयाचे तर या उतारवयातील चित्रांत काही काही पुनरुक्तीही आहे. गिऱ्हाईक तेच बंदर, तीच शिडे मागू लागले की ती काढून देणे भाग पडते.

1898 च्या उन्हाळ्यात आपले दिवस भरत आले हे त्यांनी ओळखले आणि आपल्याला दोव्हीलला नेण्यास सांगितले. 8 ऑगस्ट 1898 रोजी, समुद्र दिसत असलेल्या त्या घरात त्यांचा अंत झाला. दफन पॅरिसच्या मोंमार्त्र भागात झाले.

आता त्या कागदांचे काय झाले, ते सांगावयास हवे. माझ्या दृष्टीने चरित्रातील हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

एखादा चित्रकार गेला की त्याची विकावयाची तैलचित्रे लोक लगेच वाटून घेतात. खडूची टिपणे, फाटक्या वह्या, एका बाजूला ढग आणि दुसऱ्या बाजूला हिशेब असलेले कागद, यांना कोण विचारतो? आपल्याकडे तर अशा बाडाचे काय होते ते सांगावयास नको. बूदाँना मूलबाळ नव्हते. पण त्यांच्या मागे एक भाऊ होता, लुई नावाचा, आणि काही समजूतदार मित्र होते. त्यांनी काहीही फेकले नाही. 1899 च्या मार्च महिन्यात पॅरिसला चित्रशाळेतील मालाचा लिलाव झाला. सही नसलेल्या कागदांवर त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांचा छोटा शिक्का मारण्यात आला, ई. बी. एवढीच दोन अक्षरे. जुनी चित्रे जमविणारे आजही तो शिक्का भिंगाने शोधतात. पुढील वर्षी लुईने 240 अभ्यासचित्रे ल हाव्रच्या संग्रहालयाला दिली. ज्या नगरपालिकेने एका खलाशाच्या मुलाला शिकावयास पाठविले होते, त्याच गावाला ही परतफेड झाली. हजारो रेखाटने व खडूचे कागद पॅरिसच्या सरकारी संग्रहात गेले. ओंफ्लरला तर बूदाँ आणि त्यांचे चित्रकार मित्र द्युबूर यांनी 1868 मध्येच एक संग्रहालय सुरू केले होते. त्याला त्यांनी आपल्या मृत्युपत्राने पन्नासाहून अधिक चित्रे ठेवली. आज त्या संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

ल हाव्र शहर 1944 च्या सप्टेंबरमध्ये बाँबवर्षावात बेचिराख झाले. संग्रहालयाची इमारतही गेली. पण चित्रे आधीच सुरक्षित जागी हलविलेली होती, म्हणून वाचली. 1961 मध्ये समुद्राच्या तोंडाशी काच आणि पोलादाची नवी इमारत उभी राहिली. या संग्रहात 2004 मध्ये आणखी मोठी भर पडली. ओलिव्हिए सेन हे त्या गावचे कापसाचे व्यापारी. ल हाव्र हे कापसाचे मोठे बंदर, आपल्या मुंबईचा कापूसही तेथे उतरत असे. या सेन यांना चित्रे जमविण्याचा नाद होता. त्यांच्या नातीने, एलेन सेन-फूल्ड यांनी, दोनशेहून अधिक चित्रे गावाला देऊन टाकली. आजोबांनी जमवावे आणि नातीने गावाला द्यावे, याला संस्कार म्हणतात.

जमविणाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिण्याची परवानगी घेते. खडूची समुद्रचित्रे जुन्या बाजारात पुष्कळ वर्षे स्वस्त मिळत. ती वाहून नेण्यास कठीण, काच फुटली की संपले, आणि तैलचित्रापुढे कमी प्रतीची समजली जाणारी. त्यामुळे ती घेणारे बहुधा हौशी लोक असत. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक. जाणता माणूस चित्र घेताना आधी मागची बाजू पाहतो: पुठ्ठा पिवळा पडून कागदाला डाग पाडतो आहे का, कोणाचा शिक्का, कोणा चौकटवाल्याची चिठ्ठी आहे का. मग कडा पाहतो. कडेला हाताने लिहिलेली तारीख-वेळ सापडली तर सही नसली तरी चालते. रंग पक्का करणारा द्राव वरून मारला असेल तर पूड बसते खरी, पण खडूचा तजेला मरतो, हेही त्याला ठाऊक असते. आणि घरी नेल्यावर तो ते चित्र ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कधीही लावीत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे, कारण आपल्याकडे चार महिने मीठसुद्धा कोरडे राहात नाही.

तलासरीकडील पाड्यांवर लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लग्न झाले, पाऊस पडला, कूड पुन्हा सारवला की तो जातो, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा लिहिला जातो. तो जावयाचाच असतो, कारण लिहिणारे हात घरात असतात. बूदाँचे आभाळ मात्र दुसरा कोणी लिहू शकत नव्हता. ते एका दिवशीचे, एका तासाचे, एका वाऱ्याचे होते. त्यामुळे ते जपण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आमच्या सभासद भगिनीने पदर लागलेले ते चित्र मुंबईला एका जाणत्या कारागिराकडे दाखविले. गेलेला कोपरा भरून काढू नये, असा सल्ला त्याने दिला. पुठ्ठा बदलला, काच दूर बसविली आणि चित्र आतल्या खोलीत लावावयास सांगितले. चौकट उघडली तेव्हा कागदाच्या खालच्या कडेला शिसपेन्सिलीने लिहिलेली एक अस्पष्ट ओळ दिसली. अक्षरे लागत नाहीत, पण त्यांत एक आकडा आहे आणि तो सकाळच्या वेळेचा असावा असे आम्हा सर्वांचे मत पडले.

ओंफ्लरच्या त्या संग्रहालयातही खडूचे सगळे कागद एकदम पाहावयास मिळत नाहीत. कागदाला सतत उजेड सोसत नाही, म्हणून जगभर अशी चित्रे काही महिने भिंतीवर आणि मग काही वर्षे काळोखात, खणांत ठेवण्याची रीत आहे. तेथे जाणाऱ्याला त्या वेळी जी चार-सहा आभाळे बाहेर काढलेली असतील तेवढी दिसतात.